नॉर्विचची चर्च आणि आपला जीर्णोद्धार

इंग्लंडमधील चर्च ओस पडली, काही विकली गेली, म्हणजे तिथला धर्म संपत आला, असे मायदेशातील वादविवादांत मोठ्या आत्मविश्वासाने, आणि बरेचदा समाधानानेही, सांगितले जाते. मी राहतो त्या नॉर्विचमध्ये हे निम्मेच खरे आहे. या शहराच्या जुन्या तटबंदीच्या आत मध्ययुगातील तीसहून अधिक चर्च उभी आहेत आणि नियमित उपासना त्यांपैकी मोजक्यांतच होते. मात्र उपासक घटले म्हणून उरलेल्या वास्तू वाऱ्यावर सोडलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी १९७३ साली स्वतंत्र न्यास स्थापन झाला. आज सेंट जेम्समध्ये बाहुलीनाट्याचे रंगमंदिर आहे आणि सेंट स्विदिनमध्ये कलाकेंद्र.

सेंट मायकेल ॲट कॉस्लनी या चर्चची बाहेरची भिंत मी पुनःपुन्हा जवळून पाहतो. नॉर्विच ज्या परगण्यात आहे त्या नॉरफोकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही, म्हणून गवंड्यांनी चकमकीचे काळे दगड फोडून, त्यांची तकतकीत बाजू पुढे ठेवून, ते फिकट चुनखडीच्या चौकटींत इतके घट्ट बसवले आहेत की सपाट भिंतीवर खिडक्यांचा भास होतो. १०९६ साली बांधकाम सुरू झालेल्या कॅथीड्रलसाठी, म्हणजे शहरातील मुख्य चर्चसाठी, तर फ्रान्सच्या नॉर्मंडीतील काँ येथून दगड बोटींनी आणला गेला.

त्याच कॅथीड्रलमध्ये २०१९ साली, छतावरील कोरीव शिल्पे जवळून दिसावीत म्हणून, जत्रेतली उंच घसरगुंडी उभारली होती आणि त्यावर धर्मगुरूंनीही कडक टीका केली. मलाही तो प्रकार रुचला नाही. प्रार्थनास्थळाचा गंभीरपणा जपलाच पाहिजे, आणि आपल्या एखाद्या देवळाचे नाट्यगृह व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. परंतु तो वाद वापराचा होता. घसरगुंडी काही दिवसांत निघाली आणि वास्तू होती तशी राहिली.

आपल्याकडे देवळे गजबजलेली आहेत, पहाटे काकडआरती होते, आणि परदेशात मला त्याचीच उणीव सर्वाधिक जाणवते. पण त्याच श्रद्धेने वर्गणी गोळा होते, लाकडी सभामंडप उतरवून स्लॅब ओतला जातो, हेमाडपंती दगडावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात फरशी बसते, आणि या सगळ्याला जीर्णोद्धार म्हणतात. भाविकांची सोय पाहू नये का, हा गावकऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे. पाऊस आत येत असेल तर छप्पर दुरुस्त झालेच पाहिजे, पण त्यासाठी खांब तोडावे लागत नाहीत. पंढरपुरात २०२४ साली पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद ठेवून विठ्ठल मंदिरातील नंतर बसवलेल्या फरश्या काढल्या गेल्या आणि मूळ दगड मोकळा झाला. वारकऱ्यांच्या सर्वात मोठ्या दैवताच्या मंदिरात, पूजाअर्चा चालू ठेवून, हे होऊ शकते, तर तालुक्याच्या गावातही होऊ शकते.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की प्रत्येक देवस्थानाने वर्षाच्या हिशेबात कळसाच्या सांध्यांतील पिंपळाची रोपे काढण्यासाठी आणि पन्हाळी साफ करण्यासाठी रक्कम वेगळी ठेवावी, आणि जुन्या दगडाला हात लावण्याआधी, वर्गणीची पावतीपुस्तके छापण्याच्याही आधी, दगडी बांधकाम जाणणाऱ्या माणसाला बोलावून त्याचे मत लेखी घ्यावे.