अठरा वाघनखं आणि एक गोळी

2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा लोक रांगा लावून काचेपलीकडून ती बघून आले. आमच्या घरी अठरा आहेत. पुढच्या पंजांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, आणि मध्ये काच नाही. मालकीणबाई म्हणजे आमची मांजर ठकी, वजन साडेतीन किलो. सर्दीसाठी डॉक्टरांनी अँटिबायोटिकची गोळी लिहून दिलीय: डॉक्सीसायक्लिन, सात दिवस.

"पेढ्यात घालून द्या की!" हा सल्ला शेजारून फुकट मिळतो. मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे आपला कंदी पेढा ठकीच्या लेखी भाजकी माती. रोजच्या जेवणात गोळी कालवणं त्याहून वाईट. कडू औषध जिभेला लागलं की तोंडाला फेस येतो, घरात "विषबाधा!" म्हणून आरडाओरडा होतो आणि बाई त्या वाटीवर बहिष्कार टाकतात. मांजर, त्यातून लठ्ठ, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठते आणि सर्दीचं दुखणं भलतीकडेच जातं.

तेव्हा सरळ हातानेच. जुन्या टॉवेलात अळूवडीसारखी घट्ट गुंडाळी करायची, डोकं तेवढं बाहेर. डाव्या हाताने वरून गालाची हाडं धरून नाक छताकडे केलं की खालचा जबडा सैल पडतो. उजव्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात दाबायचे आणि तुपाचं बोट फिरवलेली गोळी जिभेच्या मुळाशी, मधोमध सोडायची. जिभेच्या शेंड्यावर ठेवलीत, तर आपण एकमेकांचं कौतुक करेपर्यंत ती कपाटामागे थुंकलेली असते. नाक चाटलं म्हणजे गिळली. लगेच पाच-सहा मिली पाणी, सिरिंजने, गालाच्या कडेने, थोडं थोडं. थेट घशात पिचकारी मारली तर पाणी श्वासनलिकेत जातं. पण पाणी टाळूही नका. डॉक्सीची गोळी अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते.

हे सगळं मिनिटभरात उरकतं. रुसवा आठवडाभर चालतो, आणि तो गोळीवर नसतोच. ठकीने पंचनामा केलेला असतो: पाकिटाचा कुरकुर आवाज, निळा टॉवेल, सकाळचे आठ, हाताला औषधाचा वास. यातलं एक जरी दिसलं की बाई पलंगाखाली, बरोबर मधोमध, जिथे कुठल्याच बाजूने हात पोचत नाही. तिथून ओढून काढायचं नाही. ओढलंत की पंचनाम्यात पलंगही चढला.

उपाय म्हणजे पुरावे फोडायचे. गोळी दुसऱ्या खोलीत काढून ठेवा. टॉवेल दिवसभर तिच्या झोपायच्या जागेजवळ पडू द्या. त्यावर ती आपणहून बसली की निम्मं काम झालं. गोळी देण्याची जागा मात्र जेवणाची किंवा झोपेची नको. हात साबणाने धुवा. मुख्य म्हणजे गोळी नसताना दिवसातून पाच-सहा वेळा रिकामं पाकीट वाजवायचं आणि लगेच सुकट द्यायची. लगेच म्हणजे दोन सेकंदांत. डबा शोधत बसलात तर हिशेब जुळत नाही. सुकट मीठ धुऊन, नुसती उकडलेली. कांदा-लसूण मांजराला विषारी, त्यामुळे कालवणातली उचलून द्यायची नाही.

राहिला वेळ जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसण्यात घालवावा. नजर मिळालीच तर डोळे सावकाश अर्धवट मिटून उघडायचे. असं केल्यावर मांजरं तसंच उत्तर देतात आणि जवळही येतात, हे 2020 मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय. दारातून बघणाऱ्याला आपण पेंगतोय असं वाटतं, वाटू दे.

आमच्याकडे पाकिटाची भीती पाचव्या दिवशी गेली. जरा जास्तच गेली. सासूबाईंनी बीपीच्या गोळीचं पाकीट वाजवलं की ठकी शेपूट उभी करून त्यांच्या मांडीशी हजर. आता त्यांच्या औषधांच्या डब्यात सुकटीची डबी असते, आणि देवघरापासून तो डबा दोन हात लांब ठेवावा लागतो.