मागचं चाक लॉक होतंय? व्हॉल्व्हला फाशी देऊ नका

पावसाळा लागला की खानापूर-बेळगाव भागातल्या पिकअपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला एकाच दिवसात चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : ‘रिकामी गाडी ब्रेक मारल्यावर मागून घसरते, चाकं लॉक होतात, याला कारण चॅसीवरचा व्हॉल्व्ह. तो काढा, सरळ पाइप जोडा. लायनर डिझेलनं धुऊन पॉलिश पेपर मारा. ब्रेक ऑइल मिळालं नाही तर स्टेअरिंगचं ऑइल चालतं. हँडब्रेकची वायर सोडून टाका. मागचा रबरी पाइप बदला.’

मी बरीच वर्षं बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला भाजी नेली. आता गाडी विकून गॅरेज चालवतो. मेसेजवर विश्वास ठेवून आलेल्या गाड्या माझ्याच दारात उभ्या राहतात, म्हणून हे लिहितोय.

व्हॉल्व्हपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथंच आहे. हा व्हॉल्व्ह चॅसीला बसवलेला असतो आणि त्याची दांडी खाली हौसिंगला, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या कवचाला, जोडलेली असते. माल भरला की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, चॅसी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर जातं. माल उतरला की चॅसी वर, प्रेशर कमी. हे असं का, ते हिशेब करून बघा. समजा रिकामी गाडी १७०० किलोची आहे, आणि त्यातले ७०० किलो मागच्या चाकांवर आहेत. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते आणि साधारण अडीचशे किलो भार पुढच्या चाकांवर जातो. मागे उरले साडेचारशे. हीच गाडी दीड टन कोबी भरून उभी असेल तर मागच्या चाकांवर दोन टनांच्या आसपास वजन असतं. दोन्ही वेळी मागं सारखंच प्रेशर सोडलं तर रिकामी गाडी घसरणार नाही तर काय होईल? म्हणजे चाक लॉक होऊ नये म्हणून जो पहारा देतोय त्यालाच मेसेज काढून टाकायला सांगतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. एका गॅरेजमध्ये माझ्याच गाडीचा व्हॉल्व्ह काढून सरळ पाइप जोडला होता. ‘ब्रेक कसा कडक लागतोय बघा की आता’, असं सांगून गाडी दिली. भरल्या गाडीला खरंच कडक लागायचा. मग जुलैतल्या एका पहाटे गोव्यातल्या साखळी गावात माल उतरवून रिकामा परत येत होतो. कणकुंबी ओलांडली, जांबोटीच्या अलीकडे जंगलातल्या वळणावर म्हशी आडव्या आल्या. पाय दाबला आणि गाडीची मागची बाजू माझ्या पुढं निघाली. थांबली तेव्हा गाडीचं तोंड परत गोव्याकडे होतं. समोरून काही येत नव्हतं, म्हणून हे सांगायला मी आहे. फिरणारं चाक बाजूला सरकायला विरोध करतं, लॉक झालेलं चाक वाट फुटेल तिकडं घसरतं. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, निदान सरळ तरी जाते. मागची झाली तर ती भोवऱ्यासारखी फिरते.

व्हॉल्व्ह कधीच बिघडत नाही, असं माझं म्हणणं नाही. आमच्या तांबड्या चिखलात त्याची दांडी गंजून अडकते. दांडी ‘माल भरलाय’ अशा जागी अडकली तर रिकामी गाडी लॉक मारणारच. कुणीतरी लिव्हर तारेनं वर बांधून ठेवलेली असते, हेही बघितलंय. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही : पाटे जुने होऊन बसले की रिकाम्या गाडीची चॅसीसुद्धा खालीच राहते, आणि व्हॉल्व्हला वाटतं माल आहे. तिथं व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, पाटे बघायला पाहिजेत. उलट ऊसवाल्यांसारखा जादा पाटा घातला की गाडी भरली तरी खाली बसत नाही. मग मागचा ब्रेक कमी लागतो आणि निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना सगळा ताण पुढच्या डिस्कवर येतो. पाट्याला हात लावला की दांडीचं सेटिंग कंपनीच्या मापानं परत करायचं, हे काम बरेच मिस्त्री गाळतात.

मेसेजात पुढच्या ब्रेकचं नावसुद्धा नाही. पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर अडकला असेल किंवा पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले असतील तर गाडी थांबत नाही, म्हणून ड्रायव्हर पाय आणखी दाबतो, आणि मागची हलकी चाकं आधी लॉक होतात. दोष पुढं, बोंब मागं. त्यात मागं गुळगुळीत झालेले रिमोल्ड टायर असले तर बोलायलाच नको. मागचा ड्रम उघडायच्या आधी मी पुढची चाकं काढतो. गिऱ्हाईक वैतागतं, वैतागू दे.

आता लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी. लायनरला ऑइल लागलं की ब्रेक लागत नाही, असं सगळ्यांना वाटतं. भरपूर लागलं तर तसंच होतं. पण थोडंसं ऑइल लागलेला लायनर ड्रमला झटक्यात पकडतो, कारण ड्रम ब्रेकची रचनाच अशी, की फिरणारा ड्रम लायनर बसवलेल्या एका शूला स्वतःकडे आणखी ओढून घेतो. जरा पकड वाढली की ती पटीत वाढते. असा लायनर डिझेलनं धुणं म्हणजे तेलकट फडक्यानं आरसा पुसणं. डिझेलचा अंश लायनरमध्ये मुरतो आणि शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराची वाट लावतो ते वेगळंच. ऑइल आलं कुठून ते शोधा. वासाचं, घट्ट ऑइल असेल तर हौसिंगचं सील गेलंय. पातळ असेल तर व्हील सिलिंडर गळतोय. गळती बंद करा आणि दोन्ही बाजूंचे लायनर नवे घाला, एकाच बाजूचे नव्हे. ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला पकडत असेल आणि नंतर नीट चालत असेल, तर ड्रमला धरलेला तो गंज आहे. त्यासाठी गॅरेजला यायची गरज नाही.

स्टेअरिंग ऑइलचा सल्ला मात्र वाचून अंगावर काटा आला. स्टेअरिंगचं ऑइल खनिज तेलाच्या जातीचं, ब्रेकचं डॉट ३ किंवा डॉट ४ वेगळ्या जातीचं. ब्रेकचं रबर खनिज तेलात फुगतं. पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचे फुगलेले वॉशर ऑइल परत यायचं बारीक भोक बंद करतात, प्रेशर आत कोंडतं आणि पाय काढला तरी चाकं सुटत नाहीत. म्हणजे लॉक घालवायचा उपाय सांगून लॉकच विकत दिलं. एकदा ते ऑइल गेलं की नुसतं काढून भागत नाही, मास्टरपासून चारही चाकांपर्यंतचं सगळं रबर बदलावं लागतं.

हँडब्रेकची वायर गंजून अडकते हे खरं. मग ती बदला. घाटात पंक्चर काढताना हँडब्रेक नसलेली भरली गाडी काय करते, ते वेगळं सांगायला नको.

राहिला रबरी पाइप. या एका मुद्द्यात तथ्य आहे. जुना पाइप आतून सोलतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. पण त्यामुळं ब्रेक मारल्यावर चाक लॉक होण्यापेक्षा पाय काढल्यावर चाक अडकून राहतं, आणि हे दोन वेगळे आजार आहेत. शिवाय बहुतेक पिकअपला चॅसीवरून हौसिंगवर एकच पाइप येतो, म्हणून त्याचा दोष असेल तर दोन्ही चाकं तापतात. खात्री करायची असेल तर अडकलेलं चाक जॅकवर घ्या आणि हवा काढायचा निपल सैल करा. चाक सुटलं तर प्रेशर कोंडलंय : पाइप किंवा मास्टर बघा. नाही सुटलं तर दोष ड्रमच्या आत किंवा हँडब्रेकच्या वायरमध्ये.

परवा एक पोरगा नवा पाइप हातात घेऊनच आला. डावं चाक तेवढं तापत होतं. निपल सोडला, चाक जागचं हललं नाही.

‘मामा, मेसेजात तर पाइप लिवलंय की.’

ड्रम उतरवला तसा रिटर्न स्प्रिंगचा तुटका तुकडा त्याच्या पायाशी पडला. पाइप दुकानात परत देऊन तो स्प्रिंगचा सेट घेऊन आला.