न्यूनगंडी गिऱ्हाइकांना नम्र सूचना

स्वतःबद्दल तुमचं मत फार वाईट असेल तर सर्वप्रथम अभिनंदन. ऑनलाइन थेरपीचा बाजार तुमच्याच जिवावर चालतो. तुम्ही भाव करत नाही, समोरच्याचं शिक्षण विचारत नाही, पैसे परत मागत नाही; आणि काही बिनसलंच तर 'माझंच काहीतरी चुकत असणार' असं आपणहून कबूल करून मोकळे होता. असं गिऱ्हाईक सांगलीच्या मार्केट यार्डात आलं असतं तर अडत्यांनी पाट मांडून ओवाळलं असतं.

मी त्याच यार्डात हळदीच्या एका पेढीवर हिशेब लिहितो. सेल्फ-एस्टीम, म्हणजे आत्मसन्मान, वाढवण्याचं शिक्षण पदरचे पैसे मोजून घेतलं आहे, अगदी परवापरवापर्यंत चालू होतं. ते आता तुम्हाला फुकट देतो. घ्या.

थेरपिस्टची शोधाशोध रात्री साडेअकरानंतर करावी. दिवसाढवळ्या माणूस चार प्रश्न विचारतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, मालकांनी सकाळी चारचौघांत काढलेले वाभाडे शब्दन् शब्द आठवत असताना, 'मी कुठेच पुरा का पडत नाही' असं मोबाइलला विचारलं की बोट बरोबर पहिल्या जाहिरातीवर पडतं. त्यानंतर तुमची काळजी फोन घेतो. जेवताना सासऱ्यांना बेदाण्याचा दर दाखवायला फोन पुढे करावा, तर दराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत येतं, 'तुम्ही स्वतःवर प्रेम करता का?' सासरे चष्मा सावरून ते मोठ्यांदा वाचतात. मग विचारतात, "हे काय हो जावईबापू?" आपण गप्प बसावं. दर पडलाय म्हणावं.

मग चाचणी. 'आमच्या एआयने खास तुमच्यासाठी तयार केलेली!' दहा वाक्यं असतात. एकंदरीत मी स्वतःवर समाधानी आहे, कधीकधी मी अगदीच कुचकामी आहे असं वाटतं, वगैरे. पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत कुठेतरी टिचकी मारायची. या धर्तीची दहा वाक्यं मॉरिस रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी पोरांचा अभ्यास करताना वापरली आणि १९६५ साली छापली. आजही ती कुठेही फुकट मिळतात. पण हे ॲपला सांगू नका, त्याचा सेल्फ-एस्टीम दुखावेल. तीसपैकी कितीही गुण पडोत, निकाल एकच, पॅकेज घ्या. कमी पडले तर तुम्हाला तातडीने गरज आहे, आणि बरे पडले तर तुम्ही भावना दडपता आहात.

मिरजेला जाऊ नये. मिरज सिटी बसच्या अंतरावर आहे आणि तिथे शरीराच्या प्रत्येक सांध्याला एक डॉक्टर आहे हे खरं. पण मनाच्या डॉक्टरकडे वेटिंगला बसलं की समोर हमखास बायकोच्या भिशीतली बाई निघते. मग तीही आपल्याला बघून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागते, आणि दोघंही एकमेकांना पाहिलंच नाही असं ठरवून एकादश्या मोजत बसतो.

इन्शुरन्सचा विषय काढू नये. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१ मध्ये छापलेलं आहे. असू दे. एजंट म्हणेल, "तुम्ही आधी ॲडमिट व्हा, मग बघू."

घरी तर मुळीच सांगू नये. आई म्हणेल, "तुला काय कमी केलं रे आम्ही?" मावशी म्हणेल औदुंबरला जाऊन ये. मेहुणा जिम लाव म्हणेल, आणि थोरले काका फक्त हसतील. त्या हसण्यावर उपाय म्हणूनच तुम्ही थेरपिस्ट शोधत असता.

सेशनला जागा मात्र घरातच शोधावी लागते. गच्चीवर शेजारच्या काकू वाळवण राखत बसलेल्या असतात आणि 'तुमच्या लहानपणी वडील तुमच्याशी कसे वागायचे' याचं उत्तर तुमच्यापेक्षा त्यांनाच जास्त तपशिलात येतं. नदीकाठी आयर्विन पुलाजवळ गाडी लावून काचा वर करून बोलावं, तर ओळखीचा माणूस काच वाजवून विचारतो, "पेट्रोल संपलं काय?" उत्तम जागा बाथरूम. नळ थोडा सोडून ठेवावा. रेंज जाते, पण ती तशी इतर ठिकाणीही जातेच.

आता मुख्य विषय. माणूस निवडणे.

मराठीचा फिल्टर लावू नका. लावलात तर यादीत जे एखाददुसरं नाव उरतं त्याच्यापुढे 'पुढील उपलब्ध वेळ' या रकान्यात आडवी रेघ असते. त्यापेक्षा लांबच्या मोठ्या शहरातलं कुणीतरी घ्यावं, म्हणजे 'तुम्ही काही दिवस आईवडिलांपासून वेगळे राहून का बघत नाही?' असा सोपा उपाय मिळतो. वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या, मध्ये एक जिना आणि सातबारा अजून आजोबांच्या नावावर, हे त्यांना समजावून सांगण्यात पाऊण तास संपतो. पाऊण तासाचंच सेशन असतं.

प्रोफाइल बघताना पदवी बघू नका, हुद्दा बघा. 'सर्टिफाइड माइंडसेट अँड सेल्फ-वर्थ ट्रान्सफॉर्मेशन कोच'. हाताची घडी, मागे पुस्तकांचं कपाट, चार पूर्णांक नऊ तारे. मला असाच एक लाभला. सेशनला कोच उशिरा आले तर ती तुमच्या संयमाची परीक्षा समजावी. पहिली काही मिनिटं "आवाज येतोय का, मला तुमचा येतोय, तुम्हाला माझा येतोय का" यात जातात, ती घड्याळातून वजा होत नाहीत. मध्येच ते काही खात असतील तर तेही माणूसच आहेत. त्यांनी तुम्हाला भलत्याच नावाने हाक मारून "मग, घटस्फोटाचं कुठवर आलं?" असं विचारलं तर त्यांना उघडं पाडू नये. त्यांना वाईट वाटेल. "चाललंय" म्हणावं. ते म्हणतील, "छान, प्रोग्रेस दिसतेय."

आणि काहीही झालं तरी त्यांचं शिक्षण विचारू नका. मी विचारलं. अगदी अदबीने, "सर, आपलं शिक्षण कशातलं?" एवढंच. कोचसाहेब हसले. खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, "हा प्रश्न तुम्हाला का पडला, त्यावर आपण काम करूया. तुमच्यात ट्रस्ट इश्यूज आहेत." आणि संध्याकाळच्या आत ॲपवर ट्रस्ट इश्यूजचं बारा सेशनांचं वेगळं पॅकेज आलं, आज रात्री बारापर्यंत वीस टक्के सवलतीत.

बघा किती सोय आहे! तुम्ही प्रश्न विचारलात की तो प्रश्न हाच तुमचा आजार. उत्तर द्यायचं कामच नाही. म्हणजे बँकेच्या... जाऊ दे, दुसऱ्याचं कशाला, मी माझ्याच यार्डातलं सांगतो. हळदीचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी राशीतून हळकुंड उचलतो आणि पहिल्यांदा काय करतो, तर ते मोडतो. कट्कन मोडून आतला रंग बघतो. कारण पॉलिश मारल्यावर बाहेरून सगळीच हळकुंडं चमकतात. अजून एकाही शेतकऱ्याने "तुम्ही मोडून का बघता, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का, तुमच्या मनात काहीतरी गाठ आहे" असं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हटलंच तर लोक त्याची रास तशीच ठेवून पुढच्या राशीकडे जातील. आणि इथे आपण आपलं आख्खं लहानपण, बापाची भीती, बायकोला न सांगितलेल्या गोष्टी असं सगळं एका अनोळखी माणसाच्या पुढ्यात ओततो आणि त्याने मोडून बघू द्यायला नकार दिला तर उलट आपणच सॉरी म्हणतो?

आणि मोडून बघणं काही अवघड आहे का? मुळीच नाही, तेच तर डोक्यात जातं! क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांवर गोळ्यांशिवाय उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे त्याला. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की माणूस नोंदलेला आहे की नाही ते दिसतं. मानसोपचारतज्ज्ञ हा आधी एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो, वैद्यकीय परिषदेचा नंबर त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, गोळ्या लिहून द्यायच्या तर त्याने द्यायच्या. समुपदेशक असेल तर मानसशास्त्रातलं एमए कुठून केलं, पुढे कुणाच्या हाताखाली काम केलं, हे दोन मिनिटांत सांगता येतं. आणि 'कोच' व्हायला काय लागतं? काहीही लागत नाही. शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स, आणि तोही लागत नाही. उद्या मी पेढीवर बसल्या बसल्या कोच होऊ शकतो, हाताची घडी घालून फोटो काढायचा बाकी आहे.

तारे पाचच द्या. कमी दिलेत तर कारण लिहावं लागतं.

पैसे परत मागायची हौस असेल तर ॲपमध्ये एक मदतनीस असते. ती यंत्र असते, पण तिला तुमच्या भावना समजतात, तसं ती प्रत्येक ओळीत लिहिते. 'तुमच्या भावना आम्हाला समजतात. सेशन पूर्ण झाल्याने परतावा देता येत नाही.' 'तुमच्या भावना आम्हाला समजतात. कृपया पर्याय एक किंवा दोन निवडा.' पर्याय एक म्हणजे नवीन सेशन बुक करा. पर्याय दोन म्हणजे मागे जा.

बास. आता सरळच बोलतो.

ॲपवाल्यांनो, लाज नाही वाटत? ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून ज्याची रात्रीची झोप उडालीय, त्यालाच हुडकून त्याच्या गळ्यात पॅकेज मारता? पाय मोडलेला माणूस निदान ओरडतो तरी. हा ओरडत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, आणि तोच तुमचा धंदा आहे. वर त्याने एकदा, आयुष्यात एकदा, धीर करून साधा प्रश्न विचारला तर त्याचीही त्याला लाज वाटायला लावता. त्याच्या घरचे जे करत होते तेच तुम्ही केलंत, फरक इतकाच की घरच्यांनी त्याचे पैसे घेतले नव्हते.

ऑनलाइन चांगली माणसं नाहीत असं नाही. माझ्या मावसबहिणीला एक बाई फोनवर भेटल्या. न विचारता स्वतःची नोंदणी सांगितली, फी सांगितली आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, मग माझ्याकडे या." गिऱ्हाईक परत पाठवलं! बहीण आता बरी आहे. त्या बाईंना किती तारे आहेत कोण जाणे, त्या कुठल्या ॲपवर नाहीतच.

आणि सरकारलाही विचारायचंय. १४४१६ हा नंबर वाचणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. मग 'तुम्ही स्वतःवर प्रेम करता का' ही जाहिरात माझ्या सासऱ्यांपर्यंत पोचते आणि हा नंबर माझ्यापर्यंत पोचायला इतका वेळ का लागतो? एसटी स्टँडवर गुटख्याच्या पिचकाऱ्यांमध्ये पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला जागा आहे, तिथे पाच आकडे मावत नाहीत?

आणि तुम्ही, वाचणारे. माना डोलावू नका. तुम्हीही विचारलेलं नाही. 'एवढे तारे आहेत म्हणजे चांगलाच असेल,' 'मी कोण विचारणारा,' 'जाऊ दे, थोडक्यात सुटलो.' कसले थोडक्यात सुटलात! त्याच पैशांत त्याने पुढच्याला पकडायला जाहिरात दिली. विचारा ना! नोंदणी नंबर विचारा, शिक्षण विचारा, जे सांगितलंय ते गुप्त राहणार का ते विचारा. चिडला तर फोन ठेवा. सेवा नीट दिली नाही तर पैसे मागा, आणि नाही दिले तर १९१५ ही ग्राहकांची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार घाला.

मी घातली आहे. त्यानंतर ॲपच्या माणसांचा फोन आला, या वेळी यंत्र नव्हतं, खरीखुरी बाई होती. आवाज फार गोड. म्हणाली, "सर, तुमच्या मनात खूप राग साठलाय असं दिसतंय. त्यावर आम्ही तुम्हाला एक सेशन फ्री देऊ शकतो."

मी म्हटलं, "नको. पैसे द्या."