नाटकाचे मार्क किती?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दहावीच्या कलेच्या वाढीव मार्कांवरून दोन दिवस नुसती धुमश्चक्री चालली होती. भाचीला नाटकाची आवड, तर तिला किती मार्क मिळतील, सर्टिफिकेट कुठलं लागतं, त्यावर काकांचं म्हणणं की दहावीच्या वर्षात नाटकबिटक एकदम बंद, आणि आत्याचं म्हणणं की मार्कांच्या नावाखाली क्लासवाल्यांची चांदी होते. मी इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत बसून सगळं वाचत होते, सगळ्यांचं थोडं थोडं पटतही होतं, पण या पोरांना नाटक शिकवणार कोण आणि आपल्यापैकी ज्यांना काही येतं ते काय करतायत, हे मात्र कोणीच विचारलं नाही.

मी कॉलेजात एकांकिकांचे लाईट्स करायचे. मग नोकरी, लग्न, इथे येणं, यात बारा वर्षं लाईट्सच्या बोर्डाला हातसुद्धा लावला नाही. तीन वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी ग्रुपला तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लाईट्सचं माणूस हवं होतं म्हणून गेले. आधी डीबीएस चेक, म्हणजे मुलांसोबत काम करायचं तर तुमच्यावर काही गुन्हा वगैरे नाही ना याची तपासणी, स्वयंसेवकांना ती फुकट असते. खरं सांगते, पहिल्यांदा मनाला लागलं, माझ्यावर संशय कशाला? आता वाटतं की हे आपल्याकडे प्रत्येक शिबिरात हवं, कारण आपण "अरे आपलाच दादा आहे" म्हणून पोरं बिनधास्त सोपवतो आणि कधीकधी ते फार महागात पडतं.

त्या ग्रुपमध्ये पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. वाचनात त्याची पाळी जवळ आली की तो उठून बाथरूमला जायचा, दर वेळी. कोणी त्याला टोकलं नाही. मी त्याला माझ्या शेजारी बसवलं, क्यू शीट, म्हणजे कुठला लाईट कधी बदलायचा त्याची यादी, हातात दिली. आता गंमत अशी की लाईटवाल्याला गप्प बसून चालत नाही, हेडसेटवर स्टेज मॅनेजर म्हणते "स्टँडबाय एलएक्स चौदा", म्हणजे चौदाव्या लाईट-बदलाला तयार राहा, की आपण "स्टँडबाय" असं उत्तर द्यायचंच, नाहीतर ती पुढे "गो" देणार कशी? तीन आठवडे त्याचं ते "स्टँडबाय" मला शेजारी बसून ऐकू यायचं नाही. चौथ्या आठवड्यात आलं. आणि रंगीत तालमीला तो बोर्ड सोडून थेट स्टेजपाशी गेला आणि मुख्य काम करणाऱ्या मुलीला म्हणाला, "तू खुणेवर उभी राहत नाहीस, तुझं तोंड अंधारात जातं." माझ्यासमोर तो बोललेलं पहिलं अख्खं वाक्य हे! मी तिथेच रडायला लागले.

याला मार्क कुठल्या रकान्यात देणार?

"तिकडे बघा कसं असतं" असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. या गावात बेलग्रेड थिएटर आहे, 1958 साली उघडलेलं, युद्धात बाँबने होरपळलेल्या गावाला तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या बेलग्रेड शहराने लाकूड भेट दिलं म्हणून ते नाव. तिथल्या लोकांनी 1965 पासून शाळाशाळांत नाटक न्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. पण त्याच्याही आधी, 1959 मध्ये, सुधा करमरकरांनी मुंबईत मुलांच्या नाटकांसाठी लिटल थिएटर काढलं होतं. 1986 मध्ये डॉ. मोहन आगाशेंनी बर्लिनचं ग्रिप्स हे मुलांचं थिएटर पुण्यात आणलं, तिथे मोठे नट लहान मुलं होतात आणि गोष्ट मुलांच्या बाजूने सांगतात. रत्नाकर मतकरींनी तर आयुष्यभर बालनाट्य केलंच, पण उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी वंचितांचा रंगमंच उभा केला, त्यात पोरं आपल्याच जगण्यावरच्या नाटिका बसवायची. एवढा नावाजलेला नाटककार, त्याने आपली कला घेऊन वस्तीत जावं, याहून मोठं उदाहरण मला इथे तरी दिसलेलं नाही. उलट इथे दहावीच्या तोडीच्या जीसीएसईला ड्रामा घेणारी मुलं गेली कितीतरी वर्षं कमी होत चाललीयत, आणि शाळेने सोडलेलं ओझं आमच्यासारख्या हौशी लोकांवर येतंय.

म्हणून मार्कांच्या वादात मी कोणाच्याच बाजूने नाही. द्या मार्क, पोरांना फायदा होत असेल तर होऊ दे. पण मार्क आणि बक्षिसं बहुतेक वेळा स्टेजवर दिसणाऱ्याकडे जातात, आणि ज्याला नाटकाची खरी गरज असते तो पोरगा बऱ्याचदा विंगेत उभा असतो. आपल्याकडे हौशी राज्य नाट्य स्पर्धेला जिल्ह्याजिल्ह्यातून संघ उतरतात, म्हणजे मेकअपवाले, शिवणारे, सेटवाले, पेटी वाजवणारे गावोगाव आहेत, फक्त स्पर्धा संपली की सगळं सामान गोडाऊनला आणि माणसं घरी. यातल्या एकाने आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या नगरपालिकेच्या शाळेला दिली तरी खूप झालं. फक्त न चुकता जायचं. उन्हाळ्यात दहा दिवस येऊन गायब होणारा माणूस नको, या वयाच्या पोरांना कोणी मध्येच सोडून गेलं की ती परत लवकर विश्वास ठेवत नाहीत.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि खाली सरळ काकांना विचारलं, की काका, तुम्ही बँकेच्या नाटकांचे सेट वीस वर्षं उभे केलेत, भाचीच्या शाळेतल्या पोरांना खिळा कसा ठोकायचा ते कोण शिकवणार? दोन दिवस काहीच आलं नाही, मला वाटलं रागावले.

मग भाचीचा फोन आला, "मावशी, मला स्टेजवर जायचंच नाहीये, मला साऊंड करायचाय." तिला व्हिडिओ कॉलवर क्यू शीट आखायला शिकवत होते, तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, पोरं साधारण किती असतील आणि शाळेच्या हॉलची उंची किती आहे, ते विचारत होते.