सतरा किलोंचा रेडिओ

"रिसीव्हर घ्यायचाय," असं मी म्हणालो तेव्हा बायको म्हणाली, "लँडलाइन काढून नऊ वर्षं झाली. आता रिसीव्हर कशाला?"

तिची चूक नव्हती. आपल्याकडे रिसीव्हर म्हणजे फोनचा, नीट ठेवला नाही तर वडील ओरडायचे तो. मला हवा होता स्टिरिओ रिसीव्हर. म्हणजे रेडिओचा ट्यूनर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, समोर ॲल्युमिनियमची जाड पट्टी, लिंबाएवढी बटणं आणि अंधारात उजळणारी डायल. सत्तरच्या दशकात मरांट्झ, सान्सुई, पायोनियर यांनी असे डबे काढले की आजही लोक त्यांच्यामागे वेडे आहेत, असं मी सांगत होतो. माझं बोलणं संपलं तेव्हा समोर फक्त कुकर होता.

हे सगळं सुरू झालं भाच्यामुळे. तो बंगळुरूला गेला आणि त्याचे दोन भले थोरले स्पीकर आमच्याकडे ठेवून गेला. नुसत्या स्पीकरचा उपयोग काय? फार तर वर कुंडी ठेवता येते. खिडकीपाशी ऊन छान येतं म्हणून एकावर मिरचीची कुंडी आलीही. दुसऱ्यावर जाण्याआधी काहीतरी करणं भाग होतं.

नवीन घ्यायचा तर किमती ऐकून रक्तदाब वाढत होता. म्हणून जुना. जुन्याचा अभ्यास करायला बसलो आणि मला कळलं की आपल्या पिढीला वॅट या विषयात साफ फसवलं गेलंय. कॉलेजात असताना आमच्या टेपरेकॉर्डरवर '1200 वॅट पीएमपीओ', म्हणजे क्षणभरापुरती कागदावरची कमाल ताकद, असं लिहिलेलं होतं आणि तो गणपतीच्या मांडवालाही पुरत नव्हता. अमेरिकेत या थापांना आळा घालायला 1974 सालीच सरकारी नियम आला: ॲम्प्लिफायर सलग किती ताकद देतो ते मोजून सांगा. त्यामुळे त्या काळातल्या रिसीव्हरवरचे 45 वॅट म्हणजे खरोखरचे 45 वॅट. मी हे ऑफिसात तिघांना ऐकवलं. चौथा जेवणाची वेळ बदलून गेला.

पहिली मोहीम जुना बाजार. रविवारी सकाळी, घमेली आणि सायकलच्या चेनांच्या ढिगात, एक रिसीव्हर दिसला. काळजात धस्स झालं. चेहरा इतका देखणा की मी किंमत न विचारताच उकिडवा बसलो. विक्रेत्याने तत्परतेने वरचं झाकण काढून दाखवलं. आत तळहाताएवढा एक नवा सर्किट बोर्ड, एक ब्लूटूथची चकती आणि बाकी सगळी मोकळी जागा. एखाद्या वाड्याच्या दरवाजातून आत जावं आणि आत पत्र्याची शेड निघावी तसं.

"साहेब, बॉडी ओरिजिनल आहे," तो म्हणाला.

"आणि आतला माल?"

"तो तर त्याहून नवा आहे!"

दुसरी मोहीम एका जाहिरातीवरून. 'जपानी रिसीव्हर, एकहाती वापर, घासाघीस नको.' घर कोथरूडला, मालक वय वर्षं ऐंशीच्या पुढे. 1979 साली कंपनीने ट्रेनिंगला जपानला पाठवलं होतं, तिथून खांद्यावरून आणलेला. काकांनी मला रिसीव्हर दाखवण्याआधी माझीच चौकशी सुरू केली. स्पीकर किती ओहमचे? घर किती मोठं? मुलं लहान आहेत का, बटणं पिरगाळणारी? आठ ओहम, दोन खोल्या, मुलगा हॉस्टेलला, असं उत्तर दिल्यावर त्यांनी वरचा क्रोशाचा रुमाल काढला.

बटण दाबलं. डायल उजळली. तीन-चार सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज आला. "रिले," काका म्हणाले. "आत सगळं ठीक आहे याची खात्री झाल्याशिवाय तो स्पीकरला हात लावत नाही." मग टेपडेकवर त्यांनी एक कॅसेट लावली. तानपुरा सुरू झाला आणि तिथेच माझी घासाघीस संपली. चौदा हजार. घरी दहा सांगायचे, हे माझं मी ठरवलं.

"आणि हा पण न्यायचा," म्हणत त्यांनी टेबलाखालून एक लोखंडी ठोकळा सरकवला. जपानात घरची वीज 100 व्होल्टची, आपली 230. मध्ये हा ट्रान्सफॉर्मर नाही लावला तर काय होईल, हे त्यांनी हाताच्या पंज्याने धुराचा आकार काढून सांगितलं. रिसीव्हर सतरा किलो, ठोकळा पाच. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, तिजोरी?" मी हो म्हणालो, तेवढाच मान. सोसायटीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती, हे सांगायलाच हवं का? दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा माझ्याही आतून 'टक्' असा आवाज आला.

वायरी जोडल्या, ठोकळा लावला, फोनवरची गाणी मागच्या खाचेत जोडली. डायल उजळली, रिले वाजला. आणि पुढे काही नाही. चिडीचूप. वायरी उलट्या केल्या, सुलट्या केल्या, स्पीकर बदलले, कुंडी हलवली. दीड तासाने तापकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या मेकॅनिकला फोन केला. "कॅपॅसिटर सुकले असणार. चार हजार धरून चाला," असं त्याने पेशंट न बघताच सांगितलं. शेवटी लाज गिळून काकांना फोन केला.

"टेप मॉनिटर आत दाबलेलं असेल. बाहेर काढा."

ते बटण आत असलं की रिसीव्हर सगळा आवाज टेपडेककडे पाठवतो आणि तिकडून परत येण्याची वाट बघत बसतो. डेक काकांकडे, रिसीव्हर माझ्याकडे. तो बिचारा दीड तास कोथरूडकडे डोळे लावून बसला होता. बटण बाहेर काढलं आणि इतका मोठा आवाज झाला की शेजारच्या काकू दार उघडून आल्या.

पण मला हवा होता रेडिओ. त्या डायलवर सुई सरकवत 98.3 ची मिर्ची लावायची, एवढंच स्वप्न. सुई सरकवली. 84, 86, 88, 90. संपलं. पुढे डायलच नाही! जपानमध्ये तेव्हा एफएम 76 ते 90 मेगाहर्ट्झ होतं. पुण्यातली बहुतेक स्टेशनं 91 च्या पुढे. काकांना पुन्हा फोन.

"एफएम? मी कशाला लावेन? 79 साली पुण्यात एफएम होतं कुठे!"

खरं होतं. 77 साली मद्रासला सुरू झालं, आमच्याकडे यायला पुष्कळ वर्षं गेली. काकांनी इथे कधी रेडिओ लावलाच नव्हता.

हताश होऊन मी दांडी एएमवर केली. खरखर, शिट्ट्या, आणि मग 792 वर एकदम स्वच्छ, भरदार, घुमणारा माणसाचा आवाज. आकाशवाणी पुणे. सुईचं मीटर अभिमानाने उजवीकडे झुकलं. तो माणूस खर्जात सांगत होता, की मिरचीवर चुरडा-मुरडा दिसू लागताच...

मी बटणाकडे हात नेला.

"अहो, थांबा!" बायको स्वयंपाकघरातून वही घेऊन धावत आली, स्पीकरवरच्या कुंडीतलं एक आकसलेलं पान उलटं करून बघू लागली. "निंबोळी अर्क किती टक्के म्हणाला? आवाज वाढवा की जरा. दहा हजार घातलेत ना?"

मी आवाज वाढवला.