धाकट्या लीगला ऊर्जितावस्था कशी आणावी

अभिनंदन! ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या दुसऱ्या पातळीच्या फूटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) लीगला पुन्हा गर्दी आणायचं काम तुमच्या गळ्यात पडलं आहे, असं धरून मी हे लिहितोय. तुम्ही आजवर ऑस्ट्रेलियन रूल्सचा एकही सामना पाहिला नसेल तर उत्तमच. पाहिला असेल तर निदान तो आवडला होता हे समितीपुढे कबूल करू नका.

खेळ समजायला सोपा आहे. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एका बाजूला अठरा गडी आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण. नेम चुकून तो शेजारच्या फटीतून गेला तरी एक गुण. नेम चुकल्याबद्दल बक्षीस देणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. या खेळाचा कारभार पाहणाऱ्यांना जी सवय लागली आहे ती बहुधा इथूनच आली असावी.

आता घराणं समजून घ्या. थोरली ती एएफएल, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग. तिच्या २०२४ च्या ग्रँड फायनलला एमसीजीवर १,००,०१३ माणसं होती. धाकटी ती व्हीएफएल, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल लीग. तिच्या साखळी सामन्याला किती माणसं होती हे विचारायचं नसतं. वास्तविक वयाने धाकटीच थोरली. १८७७ मध्ये व्हीएफए (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन) नावाने ती सुरू झाली. १८९६ साली तिच्यातले आठ तालेवार क्लब चूल वेगळी करून बाहेर पडले आणि पुढच्या हंगामापासून त्यांनी व्हीएफएल काढली. १९२५ मध्ये फूट्सक्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न हे तिघेही सामानासकट तिकडे गेले. पुढे वेगळं झालेलं बिऱ्हाड देशभर पसरलं आणि १९९० मध्ये त्याने एएफएल हे नाव घेतलं. मग जुन्या नावाचं काय करायचं? मराठी घरांत करतात तेच केलं. १९९६ पासून थोरल्याचा उतरलेला सदरा धाकट्याच्या अंगात चढवला. म्हणजे ज्या व्हीएफएलने व्हीएफएचं घर फोडलं, तिचंच नाव आज व्हीएफए लावते. हे पहिल्याच बैठकीत नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच चालीवर आहे.

तर पहिला सल्ला: गर्दी हवी असेल तर नावं बदला. लोक नावावर जीव टाकतात आणि त्याने प्रशासनाला त्रास होतो. प्रेस्टनच्या संघाचं टोपणनाव बुलंट्स, म्हणजे मोठ्ठाले चावरे मुंगळे. उपनगराच्या संघाला याहून झकास नाव कुठलं? पण त्यांची थोरलीतल्या कार्लटनशी सोयरीक होती, म्हणून २०१२ मध्ये मुंगळे जाऊन ‘नॉर्दर्न ब्लूज’ आले. २०२० मध्ये कार्लटनने सोयरीक मोडली, तेव्हा माळ्यावरून मुंगळे पुन्हा खाली काढले. कोबर्गची कथा तर पंचतंत्रात शोभेल. कोबर्ग मुळात सिंह. २००१ मध्ये रिचमंडच्या वाघांशी सूत जमलं म्हणून कोबर्गने पट्टे ओढून घेतले. ते सूत तुटल्यावर २०१४ मध्ये स्वारी पुन्हा सिंह झाली. या काळात ज्या पोराने बापाच्या खांद्यावर बसून सामने पाहिले, त्याने चित्रकलेच्या वहीत काय काढलं असेल कोण जाणे. आणि स्प्रिंगव्हेलचे विंचू? ते आधी केसीचे विंचू झाले आणि मग केसीचे राक्षस. प्राणिशास्त्र संपलं की पुराणं आहेतच.

दुसरं, स्थानिक पोरगा आणि स्थानिक प्रेक्षक यांची गाठ पडू देऊ नका. हे साधायला थोडं कौशल्य लागतं, पण २००० सालापासून व्यवस्था तयार आहे. त्या वर्षी थोरलीच्या रिझर्व्ह संघांची स्पर्धा धाकटीत मिसळली. काही थोरल्या क्लबांनी स्वतःचा दुय्यम संघ उतरवला, काहींनी जुन्या उपनगरी क्लबांशी करार केला. कराराचा अर्थ असा. गुरुवारी संध्याकाळी थोरलीचे संघ जाहीर होतात. तिथे ज्यांची वर्णी लागत नाही ते शनिवारी तुमच्याकडे खेळायला येतात. ते आले की तुमच्या गल्लीतला पोरगा, जो मंगळवारी-गुरुवारी थंडीत चिखलात सराव करून घरी गेला, तो आणखी खालच्या लीगमध्ये ढकलला जातो. पुढच्या आठवड्यात थोरल्याकडे दोघांचे गुडघे दुखावले की इकडचे दोघे वर जातात आणि पोरगा परत येतो. प्रेक्षकाने एखाद्या चेहऱ्यावर जीव जडवावा तर तो चेहरा आठवडाभर टिकेल की नाही याची खात्री नाही. दुखापतीतून उठलेला एखादा बडा खेळाडू येतो तेव्हा मात्र कुंपणाला माणसं चिकटतात. त्याला ठरवून दिलेली मिनिटं संपली आणि अंगावर ट्रॅकसूट चढला की ती माणसं पार्किंगकडे निघतात. अहवालात अशा सामन्याचा फोटो टाका.

पश्चिम ऑस्ट्रेलियात हा प्रयोग अधिक धीटपणे झाला आहे. तिथल्या लीगमध्ये पील थंडर नावाचा क्लब आहे. आयुष्यभर तळाला बसलेला. थोरलीतल्या फ्रीमँटलशी करार झाला आणि २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदं घरात आली, संघात फ्रीमँटलचे पगारी खेळाडू खच्चून भरलेले. बाकीच्या क्लबांचे पाठीराखे चिडले. चिडू द्या. चिडलेला माणूससुद्धा हजेरीपटावर एकच धरला जातो.

तिसरी गोष्ट भूगोलाची. ही लीग उपनगरांची होती. विल्यम्सटाउनचा माणूस पोर्ट मेलबर्नला शिव्या द्यायला जायचा तो घरून डबा खाऊन, आणि संध्याकाळी जेवायला घरी परतायचा. १९३९ च्या ग्रँड फायनलला ४७ हजारांहून अधिक लोक जमले ते अशाच वैरांवर. पण वैर जवळच्याशी असतं हे तत्त्व जुनाट झालं. म्हणून २०२१ मध्ये सिडनी आणि क्वीन्सलँडचे संघ याच लीगमध्ये आणले. ब्रिस्बेनच्या अ‍ॅस्प्लीने एक हंगाम खेळून हिशेब मांडला आणि नमस्कार केला. गोल्ड कोस्टचा साउथपोर्ट मात्र दणकट. २०२२, २०२४ आणि २०२५ अशा तीन ग्रँड फायनल मेलबर्नच्या संघांकडून हरूनही तो येतोच आहे. २०२५ मध्ये एकवीस संघ आणि प्रत्येकाचे सामने अठरा, त्यामुळे कोण कोणाशी खेळलं नाही हे शोधायला प्रेक्षकाला घरी बसून वेळ मिळाला. शिवाय अंतिम फेऱ्यांत दहा संघ घ्या. २०२३ पासून घेतातच. निम्म्या वर्गाला पहिला नंबर दिला की पालकसभेला गर्दी होते, हे शाळेत कुणीही सांगेल.

मधेच एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या पूर्वसुरींच्या अंगलट आली होती आणि तुम्ही सावध असलेलं बरं. जुनी व्हीएफए गरीब होती, पण अक्कलेने दरिद्री नव्हती. १९३८ मध्ये तिने चेंडू हाताने फेकायला मोकळीक दिली, कारण थोरलीत ती नव्हती. १९५९ मध्ये अठराऐवजी सोळा गडी केले, मैदान मोकळं झालं, गोल वाढले. सगळ्यात मोठी शक्कल रविवारची. थोरली मेलबर्नमध्ये शनिवारी खेळायची, रविवार ओस होता. १९६० मध्ये व्हीएफएने तो उचलला, पुढे टीव्हीवरही आली. पोर्ट मेलबर्नचा फ्रेड कुक याच काळातला. कारकिर्दीत १,३०० हून अधिक गोल आणि घराघरात ओळखीचा चेहरा, थोरलीत न राहता! असं होऊ देणं म्हणजे शिस्तीचा भंगच. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब उचलून सिडनीला नेला आणि त्याचे रविवारचे सामने थेट मेलबर्नच्या दिवाणखान्यात दाखवायला सुरुवात झाली. फुकट, उबेत, सोफ्यावर. धाकटीचा रविवार गेला. १९९४ चा हंगाम संपला तेव्हा प्राहरान, ओकली, डँडेनॉंग हेही गेलेले होते. तेव्हा सल्ला असा की धाकट्याला मोकळी जागा सापडलीच, तर ती लगेच थोरल्याच्या नावावर करून घ्या.

वेळापत्रक हा माझा आवडता विषय. ते शक्य तितकं उशिरा जाहीर करा, आणि जाहीर करताना निम्म्या सामन्यांपुढे ‘वेळ नंतर कळवू’ असं लिहा. मी मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतो. इथे दुकानात कांदेपोहे आणि मालवणी मसाला मिळतो, पण लीगच्या सामन्याची वेळ मिळत नाही. एका शनिवारी दोन्ही मुलांना कानटोप्या घालून तासभर गाडी चालवत एका क्लबच्या मैदानावर गेलो, दुपारी दोनची वेळ धरून. फाटकाला कुलूप. आत एक गृहस्थ लॉनवरचे शंकू गोळा करत होते. ते म्हणाले, “सामना सकाळी झाला, मागच्या मंगळवारी वेळ बदलली ना.” त्यांच्या आवाजात इतकी सहानुभूती होती की असं येऊन विचारणारा मी पहिला नव्हतो हे कळलं. थोरलीचा सामना दुपारी असला की धाकटीचा सकाळी उरकून घेणं सोयीचं असतं. कोणाच्या सोयीचं, हे समितीत विचारायचं नाही.

आता धोक्याची सूचना. काही गोष्टी कितीही सुधारणा केल्या तरी शिल्लक राहतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. वेरिबीचंच उदाहरण घ्या. आमच्या भागातला क्लब, नॉर्थ मेलबर्नशी असलेला करार संपल्यावर एकटा पडलेला. नियमाप्रमाणे त्याने हळूहळू गळायला हवं होतं. त्याने २०२४ ची ग्रँड फायनल जिंकली, १९९३ नंतर पहिल्यांदा, स्वतःच्या पोरांना घेऊन. फ्रँक्स्टनचं तर २०१६ मध्ये लायसन्सच गेलं होतं. तिथल्या लोकांनी निमूट घरी बसायचं, की दीड-दोन वर्षांत क्लब उभा करून २०१८ मध्ये परत यायचं? हे असे क्लब अहवालात तळटिपेत ठेवा.

दुसरा धोका सामन्याच्या चार क्वार्टरांमधल्या विश्रांतीचा. थोरलीच्या सामन्यात तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून मुंगीएवढी माणसं पाहता. इथे भोंगा वाजला की कुंपण ओलांडून सरळ मैदानात जाता येतं आणि खेळाडूंच्या कोंडाळ्यामागे उभं राहून प्रशिक्षक काय ओरडतोय ते ऐकता येतं. माझ्या धाकट्याने इंग्रजीतले चार शब्द तिथेच आत्मसात केले, शाळेने मला बोलावून त्यांचा अर्थ विचारला. घामाचा, ओल्या गवताचा आणि स्नायूंना चोळायच्या तेलाचा वास एकत्र येतो. सामना संपला की पोरंटोरं चेंडू घेऊन त्याच गवतावर लाथा मारायला धावतात. हे तातडीने बंद करा. गवत खराब होतं, विम्याचा प्रश्न येतो, आणि मुख्य म्हणजे पोरं पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं म्हणतात.

तिसरा धोका म्हाताऱ्यांचा. प्रत्येक मैदानावर एक असतो. आमच्याकडचा लोकरी टोपी घालून, हातात लॉटरीच्या चिठ्ठ्यांचं भेंडोळं घेऊन फिरतो. बक्षीस पैसे नव्हे, खाटकाकडचा मांसाचा ट्रे. सॉसेजेस, चॉप्स, वर प्लॅस्टिक. मी पहिल्याच वर्षी दोन डॉलरची चिठ्ठी घेतली ती त्याने मान वळवू नये म्हणून, आणि हातात इंग्रजीतला पाय (pie), त्यावर टोमॅटो सॉस, असा उभा असताना माझाच नंबर पुकारला गेला. (फुटबॉलच्या मैदानावर पाय खायला मिळतो हा विनोद मी दर हंगामात करतो आणि बायको दर हंगामात हसत नाही.) वार शनिवार. आमच्याकडे शनिवारी वशाट चालत नाही, पाय पालकाचा होता म्हणून खपला. दीड-दोन किलोचं बक्षीस मी टॉवेलमध्ये गुंडाळून घरी नेलं आणि गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये बारा वाजेपर्यंत मारुतीच्या नजरेआड ठेवलं.

पंधरवड्याने गेलो तर म्हातारा चिठ्ठ्या विकायचं सोडून सरळ माझ्याकडे आला. “चॉप्स कशा झाल्या?” सांगितलं, मालवणी मसाल्यात केल्या, रविवारी. त्याने मसाल्यात काय काय असतं ते विचारलं, धणे, मिरची, दगडफूल, आणि दगडफुलाला त्याच्याकडे काय म्हणतात यावर आमचा सगळा दुसरा क्वार्टर गेला. तेवढ्यात आपल्या बाजूने तीन गोल झाले, ते दोघांनीही पाहिले नाहीत. भोंगा वाजला तसा तो म्हणाला, पुढच्या सामन्याला त्या मसाल्याची पुडी घेऊन ये, बायकोला दाखवतो.

आणतो म्हटलं. कधी आहे पुढचा सामना?

त्याने खिशातून घडी घातलेलं वेळापत्रक काढलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, बोट ओळीवरून फिरवलं आणि कागद माझ्याकडे केला. तारीख होती. पुढे लिहिलं होतं, वेळ नंतर कळवू.