ताई, त्या गोळ्या घरात आणू नका

नमस्कार ताई,

आमच्या ढेकणांच्या फवारणीबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. "अडीच हजार घेतले आणि बारा दिवसांत ढेकूण परत. औषधाला वास नाही काही नाही, पाणीच मारून गेले. वर बोर्ड लावलेली गाडी दारात उभी करून अख्ख्या गल्लीला कळवलं." शेवटी लिहिलंय की आता शेजारच्यांनी सुचवलेल्या, धान्यातली कीड मारायच्या गोळ्या गाद्यांखाली ठेवून खोली बंद करणार.

बाकी सगळ्याचं उत्तर देतो, पण आधी हे. त्या गोळ्या कृपा करून घरात आणू नका. त्या गोदामात, ताडपत्रीखाली, जाणत्या माणसानं वापरायच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. खोलीचं दार लावलं तरी तो फटीतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्याच्या विषबाधेवर उतारा नाही. रात्रीच फोन लावला होता, लागला नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. आणखी कुणी असा विचार करत असेल तर त्यांनीही वाचावं.

आता बारा दिवसांचं. रुपयाच्या नाण्याशेजारी ठेवून टाकलेला तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. ती पिल्लं आहेत ताई. मोठा ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, तपकिरी असतो. तुमच्या फोटोतले दीड-दोन मिलिमीटरचे, फिकट, एकाच्या पोटात तेवढं लाल दिसतंय. म्हणजे मोठे बरेचसे गेले, अंडी राहिली. अंडं असतं जेमतेम एक मिलिमीटरचं, फटीत डिंकानं चिकटवल्यासारखं, आणि त्याच्या कवचातून औषध सहसा आत पोचत नाही. आपल्याकडच्या उबेत ते सहा ते दहा दिवसांत फुटतं. म्हणूनच दुसरी फवारणी असते आणि ती तुमच्या अडीच हजारांतच धरलेली आहे. हे आमच्या पोरांनी नीट सांगायला हवं होतं. मी विचारलं तर म्हणाले, कार्ड दिलं होतं. छापील कार्ड हातात ठेवून निघाले, तोंडानं कुणी समजावलं नाही. ही चूक आमची, त्याबद्दल माफी मागतो.

पाणी मात्र मारलेलं नाही. तुम्हाला अपेक्षित असलेला तो डोळे चुरचुरणारा वास डायक्लोरव्हॉसचा. ते औषध ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंद आहे आणि ते योग्यच झालं. माणसाच्या मज्जातंतूंवरही ते तसंच काम करतं. आता वापरतो ती पायरेथ्रॉइड गटातली औषधं, त्यांना फारसा वास नसतो.

पण त्यांचीही एक अडचण आहे, ती लपवत नाही. पूर्वी औषध मारलेल्या जागेवरून पिल्लू चाललं की मरायचं. आता पुष्कळ ढेकूण त्याला दाद देत नाहीत. डीडीटीचं असंच झालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर वाटलं ढेकूण संपले, आणि १९४७ मध्येच हवाईतल्या पर्ल हार्बरला डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले. पुढे पायरेथ्रॉइडचीही तीच गत झाली. ढेकणांच्या मज्जातंतूंत बदल झालेत, काहींची कातडीही जाड झालीय. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर ते पुन्हा वाढले, २०२३ मध्ये पॅरिसमध्ये गदारोळ झाला तो याच किड्यावरून. त्यामुळे नुसत्या फवारणीवर विसंबून चालत नाही.

आपल्या आज्या लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायच्या, ते अगदी बरोबर होतं. पन्नास अंशांच्या पुढे अंडंसुद्धा जगत नाही. सांगलीच्या मे महिन्यातलं ऊन मात्र पुरत नाही, कारण ढेकूण गादीच्या सावलीच्या बाजूला सरकतो. तुमचा पलंग प्लायवूडचा, खाली स्टोरेजवाला, त्यावर उकळतं पाणी ओतता येणार नाही. त्यासाठी आमच्याकडे वाफेचं मशीन आहे. ते पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं असं आता वाटतंय.

गाडीबद्दल तुमचं म्हणणं मनाला लागलं. ढेकणाला घाणीशी देणंघेणं नाही, तो रक्तावर जगतो आणि लख्ख घरातही बॅगेतून, जुन्या फर्निचरमधून येतो. तुमचं घर पोरांनी पाहिलंय, स्वच्छ आहे. विश्रामबागेतल्या हॉस्टेलांपासून गावभागातल्या वाड्यांपर्यंत आम्ही जातो, आणि सगळीकडे लोक लाजेपोटी दोन-तीन महिने गप्प बसलेले असतात. तोवर ढेकूण पलंगातून कपाटात गेलेले असतात. तुमच्याकडे ते कुठून आले असावेत याचा मला अंदाज आहे, तो तुम्हाला समोरच सांगेन. यापुढे प्रत्येक घरी आधी विचारूनच गाडी लावू.

शनिवारी सकाळी दहाला मी स्वतः येतो, गाडी मागच्या गल्लीत लावतो. तोवर चादरी-उशांचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवा. झोपायची जागा बदलू नका, माणसामागे ढेकूण त्या खोलीतही येतात. गादी रस्त्यावर टाकू नका, कुणीतरी गरजू ती उचलून नेतो. फवारलेल्या कडा फिनाईलनं पुसू नका. यानंतरही पिल्लू दिसलं तर तिसऱ्या खेपेचे पैसे घेणार नाही.

आणि गोळ्या आणल्याच असतील तर डबी उघडू नका, पाणी लागू देऊ नका. घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा आणि मला लगेच फोन करा, शनिवारची वाट न बघता येऊन घेऊन जातो.